पिवळं कार्ड

धडगाव
९ मार्च, रविवार

योगूभाऊ,

काय करी ऱ्हायना? फोनवर मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर तुझा फोटो दिसत नाही, म्हणून या जमान्यात सख्ख्या भावाला कागद लिहायची वेळ आली. फत्तेसिंगच्या जीपमधून पाठवतेय. तो रोज धडगावहून शहाद्याला जाताना म्हसावदवरूनच जातो, आणि तुझ्या मैदानाच्या फाटकाशी हॉर्न वाजवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तेव्हा कागद मिळालाच नाही, ही थाप मारू नकोस.

दिवाळीचं भांडण मी विसरले असंही समजू नको. भाऊबीजेच्या दिवशी, पोरांसमोर, 'चार पुस्तकं वाचून मला कोचिंग शिकवू नको' म्हणालास. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. मी बोलले तरी काय होते? एवढंच, की पोरांनो, तोंडातलं पाणी गिळा. तोंडात चूळ धरून फेऱ्या मारायच्या, शेवटी सरांसमोर उभं राहून ती थुंकून दाखवायची, आणि चूळ कमी भरली तर आणखी एक फेरी. नाकाने श्वास घ्यायची सवय लागते म्हणे! तुझ्या उस्तादाने तुला असंच पळवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. त्या उस्तादाच्या वेळी उन्हाळा एवढा तापत होता का, हे कोणी विचारायचं नाही. मी विचारलं, तर मी आगाऊ.

असो. मी इथे आश्रमशाळेत सराव पाठ घेतेय. बी.पी.एड.चं शेवटचं वर्ष. आम्हाला एक पेपर आहे, 'क्रीडा आणि शारीरिक हालचालींतील समकालीन प्रश्न'. नाव ऐकून तू हसशील, मलाही हसू आलं होतं. पण आमचे इंद्रसिंग सर तो असा शिकवतात की वर्गात कोणी जांभई देत नाही. भरतीच्या मैदानावर उतरण्याआधी सुई टोचून घेणारी पोरं, खोटे जन्मदाखले, भर उन्हात ठेवलेल्या शर्यती, सगळं. आपापल्या गावातलं उदाहरण द्या म्हणाले, तेव्हा मी उठून छातीठोक सांगितलं की माझ्या भावाच्या मैदानावर सुई नाही, गोळी नाही, वयाची चोरी नाही. पोरांना घरचं दूध पाजतो तो. खरं तेच बोलले. पाण्याच्या चुळीबद्दल मात्र गप्प बसले. आपल्या घराची लाज चारचौघांत कोण काढणार?

आता कामाचं. तुझ्याकडे ती ममता आहे ना, उदेसिंग पावराची, तिची आई फुलीबाई इथे आमच्या शाळेत स्वयंपाकाला आहे. काल भाकरी थापता थापता मला म्हणाली, "बाई, पोरीचे पाय दुखतात. मांडी लाकडासारखी होते म्हणते." कोणाच्या तरी फोनवरून ममता तिला सांगते, तुला सांगत नाही. तुझ्यापुढे पाय दुखतो म्हटलं की तू काय म्हणतोस, ते सगळ्या म्हसावदला पाठ आहे. 'बहाणा नको.'

फुलीबाईचं म्हणणं एवढंच आहे की तिचं पिवळं कार्ड आहे, हे सरांनी विसरू नये. मैदानावर सोडायला आली तेव्हा पहिलं तेच सांगितलं होतं म्हणे तुला. पिवळं कार्ड आहे म्हणून पोरीने पळू नये, असं कोणी म्हणत नाही. उलट पळू दे, चांगली पळते. पण तहानलेली ठेवून दामटू नकोस. पाय दुखला की बसू दे. आणि होळीला चार दिवस घरी पाठव. डोंगरातल्या माणसाला होळी म्हणजे काय, हे आपल्याला नाही कळायचं. फुलीबाईने तिच्यासाठी होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारातून काकणं घेऊन ठेवलीत.

आईला नमस्कार. तुला नाही. आधी ब्लॉक काढ.

रुचिका


धडगाव
३० मार्च

योगूभाऊ,

तुझा निरोप फत्तेसिंगने शब्दन् शब्द सांगितला. जीपच्या टपावर पोती चढवत असताना, दहा माणसांसमोर, तुझ्याच आवाजात. "ताईला सांग, पिवळं कार्ड मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणूनच तर एक रुपया घेत नाही. पण पळताना मी कार्ड बघत नाही. माझ्या मैदानावर सगळे सारखे."

वा! टाळ्या वाजवू?

रुपया घेत नाहीस म्हणून पोरीचा जीव तुझ्या नावावर झाला का रे? माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. माहीत आहे, आणि वर तोऱ्याने सांगतोस की बघत नाही! सगळे सारखे म्हणे. सगळ्यांच्या अंगात सारखंच असतं का सगळं? तू लहानपणी माझा ताप उतरेपर्यंत उशाशी बसायचास. तो योगूभाऊ कुठे गेला? मी हे रागाने लिहीत नाहीये. बरं, रागानेच लिहितेय.

होळीला पोर आली नाही. काकणं अजून फुलीबाईच्या कमरेच्या पिशवीत आहेत. सगळा पाडा रात्रभर नाचला, ही बाई ढोलाकडे पाठ करून बसली होती. मी विचारलं, जाऊन घेऊन का येत नाहीस तिला? तर म्हणाली, "तिला पहिलं यायचं आहे, बाई. मी आणलं तर बोलणार नाही माझ्याशी. आणि सरांना कार्डाचं सांगितलंय ना मी. सर बघतील." एवढा विश्वास आहे तिचा तुझ्यावर. मला तिच्या तोंडावर तुझा निरोप सांगता आला नाही. सर काळजी घेतात, असं खोटंच सांगून टाकलं.

आणि आता हे काय नवीन? विसरवाडीला हिंमतराव आप्पांच्या वाढदिवसाची दौड, तेरा एप्रिलला, हायवेवर! शहाद्यापासून नवापूरपर्यंत बॅनर लागलेत म्हणे, आप्पा पांढऱ्या बुटांत पळताना दाखवलेत. आप्पा शेवटचे कधी पळाले होते, ते त्यांच्या डॉक्टरालाच ठाऊक. एप्रिलात डांबर कसं तापतं, तुला मी सांगायला नको. सकाळी सातची वेळ छापलीय, पण आप्पा आल्याशिवाय झेंडी पडणार नाही, आणि आप्पा कधी सातला उठलेत? इंद्रसिंग सरांना विचारलं मी. म्हणाले, अशा मुलीला ऊन, तहान आणि न थांबता जोर, तिन्ही एकत्र आलं तर विषाची परीक्षा. ते सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

त्या दौडीत ममताला उतरवू नकोस. हिवाळ्यात कितीही पळव, मी स्वतः झेंडा घेऊन उभी राहीन. या दौडीत नको.

आईला फोन केला होता. "मी तेन्हा कोचिंगमां तोंड खुपसत नई, माय" म्हणाली आणि ठेवला. तुम्ही दोघं एकाच मातीचे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? आता मी कागद लिहिणार नाही. तुला अक्कल शिकवणारी मी कोण?

रुचिका


विसरवाडी
१३ एप्रिल, रविवार, सकाळ

भाऊ,

उभ्याने लिहितेय, अक्षर लाव. तुझा फोन बंद आहे, मला दोरीच्या आत सोडत नाहीत. बिल्लावाल्या पोराकडे ही चिठ्ठी देतेय.

ममताचं पिवळं कार्ड रेशनचं नाही. सिकलसेलचं आहे. रक्त तपासून देतात ते कार्ड. आजार असला तर लाल, वाहक असला तर पिवळं. वाहक म्हणजे आजारी नाही, पण तहानलेल्या अंगाने उन्हात जीव तोडून पळालं तर रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकतात. मांडी लाकडासारखी होते ती त्यामुळे. बहाणा नाही तो.

काल रात्री आईशी बोलले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणाली, "आवो माय, त्या पोरकडथून तो एक रुपया बी लेत नई. पिवळं कार्ड शे ना तिन्हं. रेशनना गहू खातस बिचारा, त्या काय फी देतीन!" तेव्हा कळलं मला, इतके दिवस तू कोणतं कार्ड समजत होतास ते. माझं चुकलं, तुला निर्दय समजले. ते नंतर बोलू.

तिला उतरवू नको. उतरवलीच असशील तर पाणी पाज, गिळायला सांग. जिथे थांबेल तिथे थांबू दे. तू सांगितल्याशिवाय ती थांबणार नाही.

रु.


धडगाव
१७ एप्रिल

भाऊ,

तुझा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय आणि तू खोलीबाहेर येत नाहीस, म्हणून पुन्हा फत्तेसिंग. आईला सांगितलंय, कागद दाराच्या फटीतून आत सरकव.

काल ममताला माती दिली. तू आला नाहीस ते बरं झालं. आला असतास तर काय झालं असतं, सांगता येत नाही. माणसं खूप होती. मला कोणी अडवलं नाही.

तू शर्यतीच्या शेवटी उभा होतास, मधलं तुला ठाऊक नाही. ते मला लिहिलंच पाहिजे. चिठ्ठी दिली तो पोरगा आप्पांच्या गाडीमागे हार घेऊन पळाला. साडेनऊ वाजून गेल्यावर झेंडी पडली. मी हायवेच्या कडेने पुढे गेले आणि ट्रकवाल्यांच्या ढाब्यापाशी बाटली घेऊन उभी राहिले. पोरं यायला लागली. ती सगळ्या पोरींच्या पुढे होती. ओठ पांढरे, पाय टाकायची ते जड टाकायची, पण टाकायची. मी ओरडले, "ममता, थांब!" थांबली नाही. नुसता हात पुढे केला. मी बाटली दिली, तिने पळत पळत तोंडाला लावली, गाल फुगले, बाटली फेकली. माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. मला इतकं हायसं वाटलं, भाऊ! प्यायली बाई एकदाची, म्हटलं. ढाब्यावर बसले, चहासुद्धा मागवला मी.

पुढचं तू पाहिलंस. मी नंतर लोकांकडून ऐकलं. पहिली आली. फीत छातीला तशीच चिकटलेली, आप्पा हार घेऊन पुढे झाले, त्यांना वळसा घालून ती तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि पाणी थुंकून दाखवलं. भरलेली चूळ. मी दिलेलं पाणी. ढाब्यापासून तिथपर्यंत एक थेंब गिळला नव्हता तिने. तू म्हणालास, "शाब्बास!"

मग ती खाली बसली. "सर, पाय येत नाहीत" म्हणाली. तू बहाणा म्हणाला नाहीस, हेही लोकांनी सांगितलं. तू तिला उचलून पळालास. ॲम्ब्युलन्स आप्पांच्या गाड्यांमागे अडकली होती, तू पोरीला खांद्यावर घेऊन गाड्यांच्या टपांवर मुठी मारत होतास. नंदुरबारच्या दवाखान्यात रात्रभर तुझ्या शर्टावर तिच्या तोंडचा फेस होता, तो मीच पुसला. तू मला ओळखलंस की नाही, देव जाणे. पहाटे ती गेली. किडन्या बंद पडल्या, मग हृदय. डॉक्टर सांगत होते, आणि मी वर्गात ऐकलेलं वाक्य न् वाक्य आठवत होते. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते मला. जळो ते शिक्षण.

आता तुझं. पोलिसांनी विचारलं, मुलीचं कार्ड पिवळं आहे हे माहीत होतं का? आणि तू म्हणालास, "हो. पहिल्या दिवसापासून." अरे, असं कसं म्हणालास! तोपर्यंत त्या बिल्लावाल्या पोराने दवाखान्यात येऊन माझी चिठ्ठी तुझ्या हातात दिली होती. कोणतं कार्ड ते कळलं होतं तुला. तरी एवढंच बोललास आणि गप्प बसलास. साऱ्या डोंगरात आता एकच वाक्य फिरतंय: सरला माहीत होतं, तरी पळवलं. शिक्षा ओढवून घ्यायची असेल तर घे, तुझी मर्जी. पण निम्मं खरं सांगून घेऊ नको. मी उद्या शहाद्याला जाऊन जबाब देणार आहे. सांगणार आहे की भावाला रेशनचं कार्ड वाटलं. हेही सांगणार आहे की बहिणीने दोन कागद लिहिले आणि 'रक्त' हा शब्द एकातही लिहिला नाही. इथे शाळेत आम्ही दिवसभर 'पिवळंवाली मुलं, लालवाली मुलं' असंच बोलतो. मैदानावर वेगळं काही समजतील, असं मनातसुद्धा आलं नाही.

फुलीबाईला मी काल रात्री हे सगळं सांगितलं. तिच्या चुलीपाशी बसले होते. म्हटलं, भावाला कळलं नव्हतं गं, त्याला रेशनचं कार्ड वाटलं. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "रेशनचं कार्ड मी त्याला कशाला सांगू? पोर पळायला सोडली होती, गहू घ्यायला नाही."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर एक दिवस वर ये आणि तिला दे. आज नको.

कागद इथेच संपवणार होते, पण सकाळी आईचा फोन आला. घाबरली होती. तू दार लावून बसलायस, तरी पोरं पहाटे आपणच उठून मैदानावर गेली. कोणी सांगितलं नाही, कोणी शिट्टी मारली नाही. ममताच्या नावाने पळायचं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं म्हणे. तोरणमाळकडची ती जमुना, नवीन आलेली, तिसऱ्या फेरीला मांड्या धरून खाली बसली. बाकीच्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "बहाणा नको." तो शब्द त्यांनी कोणाकडून घेतला, हे तुला सांगायला नको.

आई गोठ्यातून धावत गेली. विचारलं, "बेटी, तुन्हं कार्ड कोनतं शे?"

पोर म्हणाली, "पिवळं."

कोणतं पिवळं, हे आईने विचारायच्या आत ती उठून पळायला लागली होती. आईने हाका मारल्या, कोणी मागे वळलं नाही. मी शाळेच्या फोनवरून जमुनाच्या घरी लावायचा प्रयत्न केला. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला आहेत, फोन लागत नाही.

उद्या पहाटे ती पोरं परत उठतील. आईचं ऐकत नाहीत, माझं ऐकायला मी तिथे नाही. सरांनी थांब म्हटलं तरच थांबतात ती, आणि हे तूच शिकवलंयस त्यांना. दार उघड, भाऊ.

रुचिका